ग्रंथांसाठी सोळा वर्षे : भिक्षू ह्युएनत्संग



इतिहासाच्या हिंदी पुस्तकांत तुम्ही ज्यांना ह्वेनसांग म्हणून वाचता आणि मराठी पुस्तके ज्यांना ह्युएनत्संग म्हणतात, ते एकच गृहस्थ. परीक्षेपुरते आपण त्यांना 'चिनी प्रवासी' म्हणून लक्षात ठेवतो. खरे तर ते प्रवासासाठी निघालेच नव्हते. त्यांची अडचण भाषांतराची होती.

भगवान बुद्धांचा उपदेश चीनमध्ये पोहोचून तेव्हा पाचशेहून अधिक वर्षे झाली होती. दुःखाचे मूळ तृष्णेत आहे आणि अष्टांगिक मार्गाने त्यातून सुटता येते, हे तेथील भिक्षूंना ठाऊक होते. पण पुढच्या प्रश्नांवर एकमत नव्हते. बुद्ध होण्याची पात्रता प्रत्येकात आहे की काहींमध्येच? एक चिनी ग्रंथ एक सांगे, दुसरा दुसरेच. इ. स. ६०२ च्या सुमारास जन्मलेल्या या तरुण भिक्षूने अनेक आचार्यांना विचारून पाहिले आणि शेवटी ठरवले, की मूळ संस्कृत ग्रंथ पाहिल्याशिवाय निकाल लागायचा नाही.

तांग सम्राटाने सीमा ओलांडण्यास बंदी केली होती. ६२९ च्या सुमारास ते परवान्याशिवाय निघाले. सोबत एक म्हातारा घोडा होता. वाळवंटात पाण्याची पखाल हातातून निसटली आणि सगळे पाणी वाळूत गेले. चार रात्री व पाच दिवस घशाखाली थेंब नाही. अखेर त्या घोड्यानेच पाण्याची जागा शोधली. पुढे तुर्फानच्या राजाला ते इतके आवडले, की तो त्यांना सोडेना. त्यांनी अन्नपाणी वर्ज्य केले, तेव्हा चौथ्या दिवशी राजा नमला. परतताना तीन वर्षे राहीन असे वचन त्यांनी दिले. ते पाळता आले नाही, कारण ६४० मध्ये तांग सैन्याने ते राज्यच जिंकले आणि राजाही गेला.

बामियान आणि काश्मीर करीत ते नालंदेला पोहोचले. तेथे वृद्ध आचार्य शीलभद्रांकडे त्यांनी योगाचार दर्शनाचा अभ्यास केला. नालंदेतला त्यांचा मुक्काम सुमारे पाच वर्षांचा. आपल्या माळव्याविषयीही त्यांनी लिहून ठेवले आहे. भारतात विद्येचा आदर करणारे दोनच देश, मगध आणि मालव, असे त्यांचे मत. (त्यांचा मालव आजच्या माळव्याशी तंतोतंत जुळत नाही, विद्वान त्याचा बराच भाग गुजरातकडे दाखवतात. तेव्हा फार फुशारकी नको.) उज्जयिनीचे चित्र मात्र वेगळे होते. बहुतेक विहार पडके होते, तीन-पाचच शाबूत, भिक्षू सुमारे तीनशे. महाराष्ट्रात त्यांना शंभराहून अधिक विहार दिसले आणि हर्षाला न जुमानणारा पुलकेशीही.

त्याच हर्षाने कनौजला मोठी धर्मसभा भरवली. अठरा दिवसांत ह्युएनत्संगांचे म्हणणे कोणीही खोडले नाही, असे त्यांचे चरित्रकार अभिमानाने सांगतात. पण पाहुण्याला इजा करणाऱ्याचा शिरच्छेद होईल आणि निंदा करणाऱ्याची जीभ कापली जाईल, अशी राजाची दवंडी होती, हेही तेच सांगतात. अशा सभेत वाद घालायला कोण उभे राहणार? मला तो विजय फार मोठा वाटत नाही. त्यांचे मोठेपण पुढे आहे.

परतीच्या वाटेवर सिंधू नदीत नाव हेलकावली आणि पोथ्यांचे पन्नास गठ्ठे बुडाले. ६४५ मध्ये ते ६५७ ग्रंथ घेऊन राजधानीत पोहोचले. सम्राटाने राज्यकारभारात पद देऊ केले. त्यांनी नाकारले आणि भाषांतराला बसले. पुढे ६५४ मध्ये त्यांनी बुद्धगयेच्या व नालंदेच्या ओळखीच्या भिक्षूंकडे पत्रे पाठवली. सिंधूत गेलेल्या ग्रंथांची यादी देऊन नव्या प्रती मागितल्या होत्या. अकरा-बारा वर्षे झाली तरी गमावलेले एकेक नाव त्यांच्याजवळ होते.

त्यांचे कामही शिस्तीचे. एक जण लिहून घेई, दुसरा संस्कृताशी ताडून पाही, तिसरा चिनी वाक्य नीट करी. काही शब्दांचे भाषांतर करूच नये, असा नियमही त्यांच्या नावावर सांगितला जातो. 'प्रज्ञा' हा शब्द म्हणजे साधी हुशारी नव्हे, म्हणून चिनी लिपीत त्याचा उच्चारच ठेवायचा. चीनमध्ये जांभळाचे झाड नाही, तर 'जंबू' हा शब्दही तसाच. घरी मराठी, शाळेत हिंदी आणि इंग्रजी अशा तीन भाषांत वावरणाऱ्या तुम्हा मुलांना ही अडचण वेगळी समजावून सांगायला नको.

एकोणीस वर्षांत ७५ ग्रंथ, १३३५ गुंडाळ्या. त्यांतला 'महाविभाषा' संस्कृतात आज पूर्ण उरलेला नाही. तो आपल्याला कळतो तो त्यांच्या चिनी भाषांतरातून. नालंदेचे अवशेष ओळखताना एकोणिसाव्या शतकात कनिंगहॅम यांनीही त्यांच्याच प्रवासवर्णनाचा आधार घेतला.

'महाप्रज्ञापारमिता' हा त्यांचा सर्वांत मोठा ग्रंथ. शिष्यांनी सुचवले, पुनरुक्ती फार आहे, थोडे गाळू या. त्यांनी एक ओळही गाळली नाही. ६६० ते ६६३ या काळात सहाशे गुंडाळ्या पुऱ्या झाल्या. नव्या वर्षी शिष्यांनी आणखी एक मोठा ग्रंथ पुढे ठेवला. थोड्या ओळी केल्यावर त्यांनी पोथी मिटली. एवढी शक्ती आता अंगात उरली नाही, असे शिष्यांना सांगितले. महिनाभराने, ६६४ मध्ये, ते गेले.