पायांनी इतिहास शोधणारे दामोदर कोसंबी

साखळीहून पर्ये, केरी ओलांडून चोर्ला घाटाच्या वाटेला लागले की पावसाळ्यातल्या रविवारी गाड्यांची रांग दिसते. तरुण मंडळी धबधबे बघायला, डोंगर चढायला येतात. थंडीत काहीजण तंबू, सतरंज्या घेऊन सह्याद्रीत रात्र काढायला जातात. हा छंद चांगलाच आहे. त्याला अभ्यासाची जोड मिळाली तर केवढे काम उभे राहते, हे दाखवून देणारा माणूस आपल्या गोव्यातच जन्मला. दामोदर धर्मानंद कोसंबी हे त्यांचे नाव. जग त्यांना थोर गणिती आणि इतिहासकार म्हणून ओळखते. डोंगर तुडवणारे कोसंबी मात्र आपल्यापैकी अनेकांना ठाऊक नसतील.

त्यांचा जन्म ३१ जुलै १९०७ रोजी झाला. वडील धर्मानंद कोसंबी मूळचे सांकवाळचे. बुद्धाच्या धर्माचे ज्ञान मिळवण्यासाठी त्यांनी घरदार सोडले, पुष्कळसा प्रवास पायी करत ते नेपाळपर्यंत गेले आणि पुढे पाली भाषेचे नामवंत पंडित झाले. चालण्याचा वारसा मुलाला घरातूनच मिळाला असे म्हणायला हरकत नाही.

धर्मानंदांना अमेरिकेत हार्वर्ड विद्यापीठात पाली ग्रंथाच्या संपादनाचे काम होते. १९१८ साली ते दामोदर आणि थोरली मुलगी माणिक यांना तिकडे घेऊन गेले. दामोदर तेव्हा अकरा वर्षांचे होते. केंब्रिज गावातल्या शाळेत शिकताना ते तिथल्या बालवीर पथकात, म्हणजे स्काउटमध्ये दाखल झाले. मधल्या काळात ते भारतात येऊन गेले आणि १९२९ साली हार्वर्डची पदवी त्यांनी सर्वोच्च श्रेणीत मिळवली. तिथे राहून सुखाची नोकरी करणे त्यांना अवघड नव्हते, तरीही ते परत आले. बनारस आणि अलीगढ इथे शिकवून ते पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात गणिताचे प्राध्यापक झाले. १९४५ मध्ये होमी भाभांनी त्यांना मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत बोलावले. पुण्याचे घर काही त्यांनी सोडले नाही. डेक्कन क्वीनने रोज मुंबईला जायचे आणि संध्याकाळी परत यायचे, हा क्रम वर्षानुवर्षे चालला.

गणिताचा हा माणूस इतिहासाकडे वळला तो नाण्यांमुळे. जुनी नाणी हातोहात फिरून झिजतात आणि त्यांचे वजन घटते. कोसंबींनी हजारो नाणी तराजूत घालून तोलली आणि त्या घटीवरून नाण्यांचा काळ लावण्याची गणिती रीत बसवली. पण नाणी पाडणाऱ्या राजांपलीकडचा समाज कसा होता, हा प्रश्न उरलाच. त्याचे उत्तर ताम्रपटांत आणि पोथ्यांत पुरते मिळेना. मग ते घराबाहेर पडले.

सुरुवात घराजवळूनच झाली. भांडारकर संस्थेच्या परिसरात त्यांचे घर होते आणि जवळच टेकड्या. रोजच्या फेरफटक्यात त्यांना बोटाच्या पेराएवढी दगडी पाती सापडू लागली. शेती येण्याआधीच्या माणसांनी गारेच्या जातीच्या दगडातून काढलेली ती हत्यारे होती. त्याच भागात मोकळ्या जागेवर पाले ठोकून राहिलेली फासेपारधी कुटुंबे होती. त्यांच्या देवता, त्यांच्या चालीरीती कोसंबींनी बारकाईने टिपल्या. आपण हौसेने तंबूत राहतो. या कुटुंबांचे सारे आयुष्यच पालात गेलेले. कोसंबी त्यांच्याकडे दयेने किंवा कुतूहलाने बघत थांबले नाहीत. ही माणसे इतिहासाचे जिवंत साक्षीदार आहेत असे मानून ते त्यांच्याकडून शिकले.

पुढे मावळ, जुन्नर, कार्ले, भाजे, बेडसे असा त्यांचा संचार वाढला. लेण्यांमधली शिल्पे बघून तिथूनच परतणारे पुष्कळ असतात. कोसंबी लेण्याच्या वर आणि खाली जाणाऱ्या वाटा चालून बघत. कोकणातल्या बंदरांतून माल घाट चढून देशावर जाई, त्या वाटांच्या आसपास ही लेणी आहेत, हे त्यांनी ठामपणे मांडले. घाटवाटा जिथे एकत्र येतात तिथे शेंदूर लावलेला एखादा तांदळा, एखादी उघड्यावरची आई दिसते. लेणी खोदली जाण्यापूर्वीपासून माणसे तिथे जमत असावीत, असा त्यांचा निष्कर्ष होता. कार्ल्याच्या शिलालेखात मामल हे नाव येते, ते आजचे मावळ. आणि त्या भागात पुजल्या जाणाऱ्या मावळाया या पाणवठ्याच्या देवींच्या नावात ते अजून ऐकू येते, हेही त्यांनी दाखवले. आळंदीहून पंढरपूरला जाणाऱ्या पालखीच्या वाटेवर त्यांना तीच दगडी पाती मिळाली. वारकऱ्यांची वाट त्याआधी मेंढपाळांची आणि त्याही आधी भटक्या माणसांची असणार, असे त्यांनी सांगितले.

हे सारे त्यांच्या १९५६ आणि १९६२ मधल्या पुस्तकांत आले. १९६२ च्या पुस्तकात गोव्याच्या जुन्या काबिजादींमधल्या गावकरीवरही एक प्रकरण आहे. त्यांची मते सर्वांना पटली असे नाही, आजही त्यांवर वाद होतात. पण पुस्तकाला पायपिटीची जोड हवी, हा त्यांचा धडा कोणी नाकारत नाही. त्याच १९६२ मध्ये त्यांची टाटा संस्थेतली नोकरी संपली. २९ जून १९६६ रोजी पुण्यात झोपेतच त्यांचे निधन झाले. वय अवघे ५८. गोवा सरकार त्यांच्या नावाने पणजीत विचार महोत्सव भरवते आणि २००८ साली टपाल खात्याने त्यांचे तिकीट काढले.

आता आपल्याकडे वळू. हरवळ्यात धबधब्याशेजारी जांभ्या दगडात खोदलेली लेणी आहेत. आपण त्यांना पांडवांची म्हणतो, फोटो काढतो आणि निघतो. ही लेणी इथेच का, इथून घाटाकडे कुठली वाट जात होती, हे विचारणारे किती? सत्तरीत वारुळाच्या रूपातली सातेरी आहे, देवराया आहेत, डोंगरात धनगर-गवळ्यांची घरे आहेत. चवथीच्या आधी रानात जाऊन माटोळीसाठी कवंडाळे आणि कांगले आणणाऱ्या माणसांना कुठली वेल कुठल्या उतारावर आहे ते तोंडपाठ असते. कोसंबी असते तर त्यांनी आधी याच माणसांना गाठले असते.

डोंगराचा काही भाग तरी आज राखलेला आहे. १९९९ साली २०८ चौरस किलोमीटरचे म्हादई अभयारण्य झाले आणि तिथे जायला वनखात्याची परवानगी घ्यावी लागते. रान त्यामुळे राहील. वाटांची नावे मात्र कायद्याने राहत नाहीत. डिचोली तालुक्यात खाणींसाठी काही टेकड्या खणल्या गेल्या, त्यांच्याबरोबर तिथल्या पाणंदी आणि पाषाणही गेले. रस्ते झाल्यावर पायवाटा मोडल्या, आणि ज्यांना त्या ठाऊक होत्या ते आजोबा-आजी एकेक करून जात आहेत.

म्हणून मंडळातल्या मुलांना एवढेच सांगावेसे वाटते. डोंगरावर जरूर जा, कचरा मागे ठेवू नका, आणि सोबत एक वही न्या. ज्या वाटेने जाल तिचे नाव वाडीवरच्या जाणत्या माणसाला विचारा. वाटेत देव भेटला तर तो कुणाचा आणि त्याला काय वाहतात, तेही विचारून लिहून ठेवा. तिथला दगड मात्र हलवू नका.