नामदार गोखले आणि फौजेच्या खर्चाचा हिशेब

शिरूर व दौंड तालुक्यांतील आमच्या ज्ञातिबांधवांना फौजेच्या छावणीची ओळख नव्याने करून देण्याचे कारण नाही. १८०२ च्या वसईच्या तहाने पेशव्यांनी इंग्रजी पलटणींच्या खर्चासाठी २६ लाख रुपये उत्पन्नाचा मुलूख तोडून दिला आणि पुढे घोडनदीकाठी शिरूरला फौजेचा तळ पडला. १८१७ च्या पुणे येथील तहाने आणखी ३४ लाखांचा मुलूख गेला. फौज त्यांची, हुकूम त्यांचा आणि खर्च मात्र रयतेचा, ही रीत आपल्या अंगणातच रुजली. ऐंशी वर्षांनंतर तिचा जाब विलायतेत जाऊन विचारणाऱ्या एका शिक्षकाचे चरित्र आम्ही येथे संक्षेपाने देत आहोत.

गोपाळ कृष्ण गोखले यांचा जन्म ९ मे १८६६ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील कोतळूक येथे झाला. बालपणीच पितृछत्र हरपले. वडीलबंधू गोविंदराव यांनी आपल्या १५ रुपयांच्या पगारातून दरमहा ८ रुपये पाठवून धाकट्याचे शिक्षण चालविले. १८८४ मध्ये बी. ए. झाल्यावर गोपाळरावांनी पुण्यात शिक्षकाचा पेशा पत्करला. अंकगणितावर त्यांनी लिहिलेले पुस्तक शाळांतून पुष्कळ वर्षे चालले. आकड्यांचा हा व्यासंग न्यायमूर्ती रानड्यांच्या हाताखाली राष्ट्राच्या जमाखर्चाकडे वळला.

हिंदुस्थानच्या खर्चाची चौकशी करण्यासाठी विलायत सरकारने १८९५ मध्ये वेल्बी कमिशन नेमले. दादाभाई नौरोजी त्याचे एक सभासद होते. एप्रिल १८९७ मध्ये डेक्कन सभेच्या वतीने गोखल्यांनी तेथे साक्ष दिली, तेव्हा त्यांना एकतिसावे वर्षही पुरे झाले नव्हते. त्यांचे म्हणणे सरळ होते. १८८५ मध्ये फौज ३०,००० नी वाढविली, तीही सरकारच्याच दोन मंत्र्यांचा विरोध असताना. गोऱ्या शिपायांच्या भरतीचा, शिक्षणाचा व निवृत्तिवेतनाचा भार हिंदुस्थानवर पडे. १८६७ मध्ये फौज अबिसिनियात गेली, तरी तिचा नेहमीचा पगार येथूनच दिला गेला. ही फौज साऱ्या साम्राज्याच्या कामी येत असेल, तर तिच्या खर्चाचा वाटा साम्राज्याने का उचलू नये? सिंगापूर व हाँगकाँग येथेही छावणीच्या खर्चावरून याच सुमारास असेच वाद चालले होते.

त्याच मुक्कामी, पुण्यातील प्लेगच्या बंदोबस्तावरील गोऱ्या सोजिरांच्या वर्तनाविषयी घरून आलेल्या पत्रांच्या आधारे त्यांनी एक विधान केले. पुरावा पुढे न आल्याने परत येताच त्यांनी जाहीर माफी मागितली. स्वकीयांनी त्यांना फार बोल लावले, ते त्यांनी निमूटपणे सोसले.

कमिशनचा अहवाल १९०० मध्ये आला. एडनच्या फौजेचा अर्धा खर्च विलायतेने द्यावा, अशा काही शिफारशी पदरात पडल्या. फौज मात्र कमी झाली नाही. १९०२ पासून वरिष्ठ कायदे कौन्सिलात दरवर्षी अंदाजपत्रकाच्या वेळी नामदार तोच प्रश्न उपस्थित करीत राहिले. लोहमार्गाने दौंडची केवढी भरभराट झाली, हे आपण जाणतोच. परंतु फौज व लोहमार्ग यांना तिजोरी खुली आणि शाळेपुरता हात आखडता, हे त्यांना मान्य नव्हते. मिठावरील कर मणामागे अडीच रुपये होता, तो १९०७ पर्यंत एक रुपयावर आला. त्यात त्यांच्या चिकाटीचा मोठा वाटा होता. सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचे त्यांचे १९११ चे बिल मात्र नामंजूर झाले. १९ फेब्रुवारी १९१५ रोजी, वयाच्या अवघ्या ४८ व्या वर्षी, पुण्यात त्यांचे देहावसान झाले.

तलवार न उपसता, केवळ हिशेबाची वही पुढे ठेवून बलाढ्य सत्तेला उत्तर देण्यास भाग पाडता येते, हा धडा नामदारांनी घालून दिला. आमच्या कुटुंबांतील मुलामुलींनी गणिताचा कंटाळा करू नये व सार्वजनिक पैशाचा हिशेब विचारण्यास कचरू नये, एवढीच या निमित्ताने आमची विनंती आहे.