उलट्या पकडीचा पापवा

नगरच्या वाडिया पार्कवर कुणी बॅट उलटी धरली, तर काय होतं? चार जण लगेच हात नीट धरायला शिकवतात. पापवाला असं शिकवणारं कुणीच भेटलं नाही, आणि त्यानं गोल्फ जिंकून दाखवलं!

सेवसुंकर ऊर्फ पापवा सेवगोलम १९२८ मध्ये दक्षिण आफ्रिकेतल्या डर्बनला जन्मला. घर भारतीय वंशाचं आणि गरीब. शाळा नाही, लिहिता-वाचता येत नव्हतं. पोटासाठी तो कॅडी झाला, म्हणजे गोऱ्या खेळाडूंच्या बॅगा वाहायच्या. बघून बघूनच खेळ शिकला. उजव्या हातानं खेळणारा काठी धरताना डावा हात वर ठेवतो. पापवाचा डावा हात खाली असायचा. पुस्तकात ही चूकच. पण चेंडू सरळ जायचा.

गोल्फ वाढलं ते स्कॉटलंडच्या समुद्रकाठी. नांगर चालणार नाही अशी वाळूची जमीन, आखूड गवत, सतत वारा. अशा मैदानाला लिंक्स म्हणतात. डर्बन कंट्री क्लबही तसाच, हिंदी महासागराला लागून, वाळूच्या टेकड्यांवर. दिसायला देखणा, पण वर्णभेदाच्या त्या काळात क्लब गोऱ्यांचा.

ग्रॅहॅम वुल्फ या उद्योजकानं पापवातलं कसब ओळखून त्याला युरोपला नेलं. १९५९ मध्ये पठ्ठ्यानं डच ओपन जिंकली. १९६० ला पुन्हा, १९६४ ला तिसऱ्यांदा!

मधल्या १९६३ मध्ये त्यानं डर्बन कंट्री क्लबवरच नाताळ ओपन जिंकली. बाहेर पाऊस पडत होता. गोरी मंडळी क्लबहाऊसमध्ये, आणि विजेता बाहेर. आत पाऊल टाकायची त्याला परवानगी नव्हती. ट्रॉफी त्यानं भिजतच घेतली. तो फोटो जगभर छापला गेला, आणि दक्षिण आफ्रिकेवर क्रीडा बहिष्कार घाला म्हणणाऱ्यांना बळ मिळालं.

हे दूरचं वाटतंय? आपल्या पुण्यात पालवणकर बाळू गोलंदाजी करून संघाला जिंकून द्यायचे, पण जातीमुळे त्यांना चहा पॅव्हेलियनबाहेर, वेगळ्या भांड्यात मिळायचा.

१९६५ मध्ये पापवानं नाताळ ओपनमध्ये थेट गॅरी प्लेअरला हरवलं. त्याच वर्षी अमेरिकन ओपन जिंकणारा हा प्लेअर! यानंतर सरकारनं पापवाला मोठ्या स्पर्धांचे दरवाजे बंद केले, पासपोर्टही काढून घेतला. ऐन भरात खेळ थांबला. १९७८ मध्ये पन्नाशीच्या आतच तो गेला, गरिबीत.

तेव्हा मैदानावर कुणाची पकड उलटी दिसली, तर टोकण्याआधी चेंडू कुठे जातोय ते बघा. आणि सामना संपल्यावर कोण बाहेर उभं आहे, तेही.