शाहू महाराजांचं धरण आणि ९० टक्क्यांवर अडकलेली फाइल

मोठा व्हिडिओ पाठवताना ९० टक्क्यांवर टाइमआउट येतो आणि सगळं पुन्हा शून्यापासून सुरू होतं, हे तुम्हीही सोसलं असेल. मी काम करत होतो त्या एका ॲपमध्ये हेच व्हायचं. मी टाइमआउट एका मिनिटाचा पाच मिनिटं केला. गावाकडच्या रेंजवर तरीही फाइल जाईना. मी कोल्हापूरचा, त्यामुळे राधानगरी धरण आठवलं.

कागलच्या घाटगे घराण्यात २६ जून १८७४ ला जन्मलेले यशवंतराव १८८४ मध्ये कोल्हापूरच्या गादीवर दत्तक आले आणि शाहू झाले. १८९४ मध्ये कारभार हाती घेतला तेव्हा वय होतं अवघं १९. पाठोपाठ दुष्काळ, मग प्लेग. १९०२ मध्ये त्यांनी नोकऱ्यांत मागासवर्गीयांना ५० टक्के जागा राखून ठेवल्या, १९१७ मध्ये प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं. हे आपण शाळेत शिकतो. धरणाची गोष्ट मात्र घाईत उरकली जाते.

१९०७ मध्ये भोगावती नदीवर धरणाची योजना आली. जलाशयाला महाराणी लक्ष्मीबाईंचं नाव दिलं. खर्च संस्थानाला झेपेना. १९१८ मध्ये भिंत सुमारे ४० फुटांवर असताना काम थांबलं. पण केलेलं वाया गेलं नाही. तेवढ्या भिंतीमागेही पाणी साठत होतं, शेताला मिळत होतं. ६ मे १९२२ ला महाराज मुंबईत वारले, वय ४७. धरण पुढे पूर्ण झालं ते त्याच भिंतीवर. पाया कुणी पुन्हा खणला नाही.

आम्ही पाया दरवेळी खणत होतो!

मग फाइलचे २ एमबीचे तुकडे केले. प्रत्येक तुकडा पोचला की सर्व्हर त्याचा नंबर नोंदवतो. कनेक्शन तुटलं तर ॲप आधी विचारतं, शेवटचा कुठला मिळाला? तिथून पुढे पाठवतं. प्रत्येक तुकड्याला स्वतंत्र टाइमआउट, त्यामुळे एक मिनिट भरपूर झाला.

आणखी एक गोष्ट कळली, जरा उशिराच. टाइमआउट फक्त ॲपमध्ये नसतो. मधल्या प्रॉक्सीचा वेगळा, सर्व्हरचा वेगळा, आणि जो सगळ्यांत लहान तोच आधी कनेक्शन तोडतो. माझी पाच मिनिटं प्रॉक्सीच्या गावीही नव्हती.

आता रेंज गेली की फाइल ४० टक्क्यांवर थांबते. रेंज आली की तिथूनच पुढे सरकते.