हेडमास्तरांचा सत्याग्रह

दरवर्षी १७ सप्टेंबरला मराठवाड्यातल्या शाळांतून झेंडावंदन होते आणि मुक्तिसंग्रामावर भाषणे होतात. बेंबळीच्या परिसरात शिक्षकी केली, तेव्हा मीही ती केली. पण मुलांच्या लक्षात राहते ती १९४८ ची चार दिवसांची पोलीस कारवाई. तिच्या दहा वर्षे आधी एका शिक्षकाने शाळा सोडून तुरुंगाची वाट धरली, त्याची गोष्ट मागे पडते. निवृत्तीनंतर मला तीच जास्त आठवते.

स्वामी रामानंद तीर्थ यांचे मूळ नाव व्यंकटेश भगवानराव खेडगीकर. जन्म ३ ऑक्टोबर १९०३, विजापूर जिल्ह्यातल्या सिंदगीचा. सोलापूरला शिकत असताना १९२० साली लोकमान्य टिळक गेले. त्याच वेळी या मुलाने देशसेवेसाठी अविवाहित राहण्याचा निश्चय केला. पुढे ते पुण्याच्या टिळक विद्यापीठात शिकले, कामगार पुढारी ना. म. जोशी यांच्या हाताखाली त्यांनी काम केले आणि मग आले ते आमच्याच जिल्ह्यात, हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेत मुख्याध्यापक म्हणून. संन्यासही त्यांनी तिथेच घेतला. नंतर बाबासाहेब परांजपे आदी सहकाऱ्यांसह ते अंबाजोगाईच्या योगेश्वरी विद्यालयात गेले.

तेव्हाचे निजामी राज्य आजच्या मुलांना समजावून सांगणे अवघड आहे. घरी मराठी, पण कारभार आणि वरचे शिक्षण उर्दूत. सभा घ्यायची तर आधी परवानगी काढावी लागे. खाजगी शाळा, तालीम, वाचनालय, सगळ्यावर सरकारची नजर. गश्ती निशाण ५३ हे हुकमाचे नाव जुन्या माणसांच्या तोंडी अखेरपर्यंत होते. अशा मुलखात शाळा नीट चालवायची, तर गप्प बसणे हाच शहाणपणा होता. स्वामीजींना तो पटला नाही. ज्या मुलांना मोठेपणी चार माणसांत उभे राहून बोलता येणार नाही, त्यांना शिकवून काय उपयोग, हा प्रश्न त्यांच्या आयुष्यातूनच उभा राहतो.

१९३८ साली त्यांनी शाळा सोडली. हैदराबाद स्टेट काँग्रेस नीट उभी राहण्याआधीच, त्या वर्षीच्या सप्टेंबरात, सरकारने तिच्यावर बंदी घातली. ऑक्टोबरात सत्याग्रह सुरू झाला. मागणी साधी होती. सभा, संघटना आणि भाषण यांचे स्वातंत्र्य, तसेच जबाबदार राज्यपद्धती. स्वयंसेवकांच्या तुकड्या निघत, बंदी मोडत आणि अटक होत. स्वामीजीही तुरुंगात गेले. पुढच्या दहा वर्षांतला बराच काळ त्यांचा गजांआडच गेला. बंदी उठली ती १९४६ मध्ये. १५ ऑगस्ट १९४७ ला देश स्वतंत्र झाला आणि त्याच दिवशी हैदराबादेत त्यांना पुन्हा अटक झाली.

या सगळ्यात त्यांनी एक पथ्य पाळले. लढा राजवटीशी आहे, शेजारच्या मुसलमानाशी नाही. रझाकारांच्या दहशतीत आणि पोलीस कारवाईनंतर सूड उगवला जात असताना हे सांगणे किती कठीण होते, ते आमच्या भागातल्या दोन्ही समाजांच्या वडीलधाऱ्यांना माहीत होते.

सत्ता आली तेव्हा स्वामीजी मंत्री झाले नाहीत. १९५२ ला गुलबर्ग्याहून आणि १९५७ ला औरंगाबादेतून ते लोकसभेवर गेले. ज्या राज्याच्या मुक्तीसाठी झटले, ते राज्यच भाषावार वाटले जावे, असा आग्रह त्यांनी धरला. १९५६ मध्ये तसे झाले. मोठ्या हैदराबाद राज्याचे पुढारीपण त्यांनी स्वतःहून विसर्जित केले, असेच म्हणायला हवे. २२ जानेवारी १९७२ ला ते गेले. नांदेडच्या विद्यापीठाला आज त्यांचे नाव आहे.

ग्रामसभेत एखादा तरुण उठून सरपंचाला हिशेब विचारतो, तेव्हा त्याला त्यात काही विशेष वाटत नाही. वाटूही नये. पण ते बोलणे त्याला फुकट मिळालेले नाही, एवढे त्याच्या शिक्षकाने त्याला सांगायला हवे.