मिस मेरी कार्पेंटर

आमच्या महाड व पोलादपूर तालुक्यांतील कित्येक तरुण पिढ्यान्‌पिढ्या पोटासाठीं मुंबईची वाट धरीत आले आहेत. परक्या शहरांत एकट्या पडलेल्या कोवळ्या मुलाचा पाय घसरला, तर त्यास शिक्षा द्यावी कीं शिक्षण? या प्रश्नाच्या उत्तरासाठीं ज्या बाईंनीं आयुष्य वेंचलें, त्यांचें चरित्र आम्ही येथें थोडक्यांत देत आहों.

मेरीबाईंचा जन्म ३ एप्रिल १८०७ रोजीं इंग्लंडांत एक्झेटर येथें झाला. वडील धर्मोपदेशक असून शाळाही चालवीत. तेथें बाईंनीं मुलग्यांच्या बरोबरीनें अभ्यास केला. १८३३ सालीं राजा राममोहन रॉय ब्रिस्टल शहरीं आले. त्यांच्या सहवासानें बाईंच्या मनांत हिंदुस्थानाविषयीं आस्था उत्पन्न झाली.

१८४६ सालीं बाईंनीं ब्रिस्टलच्या दरिद्री वस्तींत मोफत शाळा काढली. चोरीबद्दल तुरुंगांत गेलेलीं मुलें सुटून आलीं, तरी पुन्हां तेथेंच जातात, हें त्यांस दिसून आलें. तुरुंगांत त्यांस गुरु मिळे तो अट्टल चोर! म्हणून बाईंनीं १८५२ सालीं किंग्जवुड येथें सुधारशाळा उघडली व १८५४ सालीं मुलींसाठीं निराळी शाळा काढली. तेथें वाचन, लेखन व हिशेब यांबरोबर हातांस काम आणि मनास माया मिळे. त्याच सालीं पार्लमेंटनें अशा शाळांस कायद्याचा आधार दिला. परंतु गुन्हेगार मुलानें शाळेपूर्वीं निदान १४ दिवस तुरुंगवास भोगलाच पाहिजे, अशी अट घातली. हें शल्य बाईंस फार बोचलें.

१८६६ सालीं, वयाच्या एकुणसाठाव्या वर्षीं, त्या प्रथम हिंदुस्थानांत आल्या. मुंबईंत डेव्हिड ससून यांच्या नांवाची सुधारशाळा १८५७ पासून चालू होती. परंतु अशा शाळांस देशभर कायद्याचें पाठबळ नव्हतें. बाईंनीं चार वेळां हा प्रवास करून तुरुंगसुधारणा व स्त्रीशिक्षण यांचा पाठपुरावा केला. १८७६ सालीं येथेंही सुधारशाळांचा कायदा झाला. पुढच्याच वर्षीं जून महिन्यांत बाई निवर्तल्या. इंग्लंडांतील ती १४ दिवसांची अट रद्द होण्यास मात्र १८९९ साल उजाडलें. आपल्या देशांत आज २०१५ च्या कायद्यान्वयें बालकास तुरुंगांत ठेवण्याची मनाई आहे.

विद्यार्थीमित्रहो, कायदा मुलास तुरुंगाबाहेर ठेवील. पण त्याच्या हातीं पाटी कोणी तरी द्यावीच लागते. सुटींत गांवीं जाल, तेव्हां शाळा सुटलेला एखादा सोबती भेटेल. त्यास चार अक्षरें व बाजाराचा हिशेब शिकविलात, तर या थोर बाईंचें ऋण थोडें तरी फिटेल.