अहिल्याबाईंचा हिशोब

अहिल्याबाई होळकर म्हटले की काशीचे देऊळ, महेश्वरचा घाट आणि हातात पिंड घेतलेली शांत मूर्ती एवढेच आपल्या डोळ्यांपुढे उभे राहते. मी वाणिज्य शाखेचा अध्यापक. इंदूरला राजवाड्यासमोर उभा राहिलो तेव्हा मला आठवण झाली ती बाईंच्या हिशोबाची. पुण्यश्लोक बाईंविषयी असे बोलणे काहींना रुक्ष वाटेल. परंतु देवळांचा पैसा कोणत्या खात्यातून आला हे पाहिल्यावाचून त्या दानाचे मोल कळत नाही.

बाईंचा जन्म १७२५ सालचा; गाव चौंडी, आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यातले. मल्हाररावांचे पुत्र खंडेराव १७५४ साली कुंभेरीच्या वेढ्यात पडले. सती जाऊ पाहणाऱ्या सुनेला मल्हाररावांनी थांबवले आणि तिला कारभारात घातले. स्वारीवरून ते तिला तोफा, दारूगोळा, रसद यांविषयी पत्रे धाडीत. कोणते सामान कोठे आहे, किती आहे आणि कधी निघाले, हे ठाऊक असल्यावाचून असे काम होत नाही. बाईंची शाळा ती हीच.

१७६६ साली मल्हारराव गेले, पुढल्याच वर्षी पुत्र मालेराव. दिवाण गंगाधर यशवंत चंद्रचूड यांनी दत्तकाचा घाट घातला आणि राघोबादादा फौज घेऊन आले. पेशवे माधवराव बाईंच्या बाजूने राहिले, म्हणून ते संकट टळले. फौज तुकोजी होळकरांकडे आली, कारभार महेश्वरी बाईंकडे राहिला.

आता मुद्द्याची गोष्ट. होळकरांकडे दोन हिशोब होते. एक दौलतीचा, म्हणजे फौज आणि राज्यकारभार यांचा, दुसरा खासगीचा. खासगी म्हणजे मल्हाररावांच्या पत्नी गौतमाबाई यांना पेशव्यांनी तोडून दिलेले उत्पन्न, जे पुढे बाईंकडे आले. घाट, देवळे, धर्मशाळा यांचा खर्च या खासगीतला. तुकोजी दक्षिणेत असले म्हणजे सातपुड्याखालचा वसूल त्यांनी पाहावा, माळवा-निमाड मात्र बाईंनी, अशी वाटणी असल्याचे माल्कमसाहेबाने लिहून ठेवले आहे. तुकोजी दूरवरून पैसा मागत आणि बाई हिशोब मागत. यावरून दोघांत वर्षानुवर्षे कुरबुर चालली. मला तुकोजींची बाजू अगदीच लंगडी वाटत नाही. उपाशी फौजेला ताळेबंद दाखवून भागत नाही.

आपण विद्यार्थ्यांना धंद्याचा कारभार शिकवताना कामांची साखळी काढून दाखवतो: आधी हे, मग ते. २००३ साली आयबीएममधील अनिल निगम आणि नेथन कॅसवेल यांनी उलट बाजूने मांडणी केली. मागणीपत्र, देयक, दावा अशी एकेक नोंद मध्यभागी ठेवा. ती कोणत्या अवस्थेतून कोणत्या अवस्थेत जाते आणि तिच्यात भर घालण्याचा अधिकार कोणाचा, एवढे ठरले की कामांचा क्रम तिच्यातूनच निघतो. हे वाचताना मला महेश्वरचा दरबार दिसू लागला. बाई दुपारी दोनपासून सहापर्यंत आणि पुन्हा रात्री नऊ ते अकरा कामाला बसत व फिर्याद स्वतः ऐकत.

इंदूरचीच एक हकीकत पाहा. एक धनाढ्य सावकार निपुत्रिक वारला. तुकोजींचा तळ शहराजवळ होता. काही मतलबी लोकांच्या सांगण्यावरून त्यांनी त्या संपत्तीत वाटा घेण्याचे मनात आणले. विधवेने थेट महेश्वर गाठले. बाईंनी तिला वस्त्र देऊन घर आणि धन यांची एकटी मालकीण ठरवले आणि तुकोजींना तळ हलवण्याचा हुकूम पाठवला. मालकी कोणाची, हा एक रकाना भरला गेला आणि पुढचे सारे काम त्यावरून ठरले. सेनापती झाले तरी त्या रकान्यात हात घालण्याचा अधिकार त्यांना नव्हता. त्या विधवेचा सारा संसार या एका निर्णयावर टांगलेला होता!

१३ ऑगस्ट १७९५ रोजी बाई गेल्या. त्यानंतर थोड्याच वर्षांत होळकरांच्या घरात तंटे माजले. खासगीचे नाव मात्र टिकले. १९६२ साली इंदूरला खासगी ट्रस्ट स्थापन झाला. त्याच्या मालमत्ता सरकारच्या की ट्रस्टच्या, आणि त्या विकण्याचा अधिकार कोणाला, हा वाद २०२२ साली सर्वोच्च न्यायालयासमोर होता.